राखणदाराचे जाकीट

गेल्या डिसेंबरात सरावलीतील एका घरी संध्याकाळची मिस्सा होती. मिस्सा आटोपल्यावर एक तरुण आशीर्वादासाठी पुढे आला. अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे, जवानांच्या गणवेशासारखे जाकीट. मी सर्वांदेखत विचारले, "कोणत्या पलटणीत असतोस रे?" हशा पिकला. खाली मान घालून तो म्हणाला, "फादर, चिकूच्या वाडीवर राखणीला असतो. रात्री थंडी लागते." मळ न दाखवणारे, कुंपणाला अडकून न फाटणारे दुसरे काही आठवड्याच्या बाजारात त्याला परवडले नव्हते.

परतताना मला माझीच लाज वाटली. प्रश्न मात्र मनातून जाईना. जो सैनिक नाही त्याने सैनिकाचा वेष करावा काय?

कायद्याचे उत्तर नेमके आहे. आपण सैनिक, नाविक किंवा वायुसैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा, या हेतूने तसा पोशाख करणे हा भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमाखाली गुन्हा आहे. पूर्वीच्या दंड संहितेत हेच १४०वे कलम होते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. येथे कपड्याइतकाच हेतू तपासला जातो. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास शिकलो, तेव्हाही हेच वाचले होते: असत्य केवळ जिभेने बोलले जाते असे नाही, बाह्य कृतीनेही ते सांगता येते.

मग मला ती मोटार आठवली. काही वर्षांपूर्वी एका सुखवस्तू गृहस्थांनी मला अहमदाबाद महामार्गावरून आपल्या गाडीतून नेले. पुढच्या काचेपाशी फौजी टोपी ठेवलेली. गृहस्थ कधीही सैन्यात नव्हते. नाक्यावर हवालदाराने टोपी पाहिली, सलाम ठोकला व गाडी सोडली. गृहस्थ हसले, आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ज्या सलामासाठी कोणी हिमालयात पाय गोठवून घेतले, तो येथे वातानुकूलित गाडीत फुकट घेतला गेला. राखणदाराला मी भर सभेत टोकले. तेथे मात्र मौन पाळले.

राखणदाराच्या जाकिटात खोटेपणा नव्हता. तरी गोष्ट तेथे संपत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाईतळावर हल्ला करणारे अतिरेकी सैनिकी वेषात आले होते. त्यानंतर भूदलाने नागरिकांना असे कपडे न वापरण्याचे आणि दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले. अंधारात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाला समोरचा आपला की परका हे क्षणात ठरवायचे असते. आपल्या निरागस जाकिटाने त्याचे काम अवघड होते.

आपली कित्येक मुले वापी-उंबरगावच्या बाजूला पहारेकरी म्हणून जातात, म्हणून आणखी एक सांगतो. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५च्या कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे रक्षकाने सैन्याच्या वा पोलिसांच्या गणवेशासारखा पोशाख घातला, तर तो आणि संस्थेचा मालक, दोघेही एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र ठरतात. गणवेश निवडतो मालक. मुलगा मिळेल तो अंगात चढवतो. माझ्या मते अधिक दोष मालकाचा. तरी आईबापांनी मुलाचा गणवेश एकदा नीट पाहावा.

आणि माझा झगा? डहाणूहून लोकलमध्ये चढलो की कोणीतरी उठून जागा देतो. मी खराच धर्मगुरू आहे, तेव्हा ही खोटी साक्ष नव्हे. पण तो आदर माझ्याआधी या डोंगरपाड्यांतून अनवाणी हिंडलेल्यांनी कमावला. गुडघे दुखतात, म्हणून मी बसतो.

नाताळानंतर त्या तरुणाकडे गेलो. क्षमा मागितली व एक साधा निळा स्वेटर दिला. तो ओशाळला, स्वेटर घेतला. पुढच्या आठवड्यात दिसला तेव्हा स्वेटर अंगात होता आणि वरून तेच जाकीट. मी काही बोललो नाही. थंडी खरोखरच होती.

गाडीवाल्या गृहस्थांशी मात्र अद्याप बोलणे झालेले नाही.