थोरली पॅगोडा की धाकटी एसएल? दिल्लीत आधी गाडीचं वय विचारा

फेब्रुवारीत दिल्लीची थंडी ओसरायला लागते आणि ऊन अजून बोचत नसतं. जुन्या गाड्या गॅरेजमधून बाहेर पडतात त्या याच दिवसांत. 'द स्टेट्समन' या वर्तमानपत्राने १९६४ साली सुरू केलेली विंटेज आणि क्लासिक गाड्यांची रॅली तुम्ही पाहिली नसेल, तर एकदा मुलांना घेऊन जरूर पाहा. चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयातला १९१४चा मॉरिस-बेल्साइज अग्निशमन बंब हा या रॅलीचा जुना मानकरी. मुलं त्या लाल बंबापाशी रेंगाळतात. मोठ्यांची पावलं मात्र दोन दारांच्या, उघड्या छताच्या गाड्यांकडे वळतात. आणि घरी परतताना कोणीतरी म्हणतंच, "आपणही एक घ्यायची का?"

तुमच्याही घरात असं म्हणणारं कोणी असेल, तर त्यांच्यासमोर बहुधा मर्सिडीज एसएलचं नाव येईल. पण एसएल म्हणजे एकच गाडी नव्हे. शौकिनांचं मन अडतं ते तिच्या दोन पिढ्यांमध्ये.

थोरली म्हणजे डब्ल्यू ११३. तिच्या सुट्या कडक छताचा मधला भाग किंचित खोलगट असतो, देवळाच्या छपरासारखा. म्हणून तिचं नाव पडलं 'पॅगोडा'. १९६३च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. २३० एसएल, मग २५० आणि शेवटी २८० एसएल अशा रूपांत ती १९७१पर्यंत बनत राहिली. सहा सिलिंडरचं इंजिन, अंग हलकं, खिडक्या मोठ्या. एकूण ४९ हजारांच्याही आतच बनल्या, म्हणून किंमत चढती.

धाकटी म्हणजे आर १०७. १९७१ ते १९८९ अशी तब्बल १८ वर्षं ती बनत होती आणि २ लाख ३७ हजारांहून अधिक बनल्या. अंगाने भारदस्त, वजनाने जड. सुरुवातीच्या ३५० एसएलमध्येच आठ सिलिंडरचं इंजिन आलं. पॅगोडा नाजूक, तर ही दणकट. दोन्ही चालवणारे सांगतात की लांबच्या रस्त्यावर धाकटी जास्त आराम देते. संख्या जास्त असल्याने तुलनेने स्वस्तही पडते. जगात कुठेही असतात, तर बरेच जण डोळे झाकून धाकटी घेतील.

दिल्लीत तसं करून चालत नाही. इथे गाडीच्या रूपाआधी तिची जन्मतारीख पाहावी लागते.

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५च्या आदेशांनी आणि ऑक्टोबर २०१८मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एनसीआरमध्ये १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला. जुलै २०२५मध्ये तर अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, पण लोकांच्या नाराजीमुळे ते काही दिवसांतच थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं. डिसेंबरमध्ये तो दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता उरला. १९८५ची एसएल त्यात कुठेच बसत नाही.

मग त्याहून जुनी पॅगोडा कशी चालते? तिच्यासाठी वेगळं दार आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५ हजार. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' अशी खूण येते.

आता गंमत बघा. पन्नाशी गाठलेल्या आजीबाईला मान मिळतो आणि पस्तिशी-चाळिशीतली तिची धाकटी बहीण मधल्या मधे अडकते. तरुण म्हणावी तर नाही, म्हातारी म्हणावी तर कागद मानत नाही. १९७२ साली नोंदलेली आर १०७ ही अडचण पार करून गेली आहे. १९८५ची मात्र २०३५पर्यंत वाट पाहणार. पिढी एकच, पण कागदावर दोघी वेगळ्या. म्हणून विकणारा "सत्तरच्या दशकातली आहे" म्हणाला, तर पहिल्या नोंदणीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. बाहेरून आणलेली गाडी असेल, तर आयातीची कागदपत्रंही मागा.

विंटेज नोंदणीला एक मोठी अट चिकटलेली आहे, ती घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं आणि त्यासाठीची ये-जा, बस्स एवढंच. यमुना एक्स्प्रेसवेवरून आग्र्याला मस्त फेरी मारू, हे स्वप्न या नंबर प्लेटवर पुरं होणार नाही. शिवाय गाडी मुळात दोघांची. पॅगोडात मागे एक आडवं आसन बसवून मिळायचं, आर १०७मध्येही छोटी मागची जागा असायची, पण तिथे मोठं माणूस दहा मिनिटांत कुरकुरायला लागेल.

आणि दिल्लीचं हवामान! मे-जूनमध्ये पारा ४५ला टेकतो. तेव्हा जुना रेडिएटर आणि जुने रबरी पाइप आपला खरा स्वभाव दाखवतात. त्यातून आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि सील बदलण्याचा खर्च आधीच हिशेबात धरा. दोन्ही पिढ्यांचे सुटे भाग कंपनी आजही पुरवते, पण जर्मनीच्या दराने. काश्मिरी गेटच्या बाजारात बरंच काही मिळतं, या गाडीचं नेमकं मात्र क्वचितच. खरेदीआधी गाडी उचलून तळाचा पत्रा बघायला विसरू नका. रंग नवा करून मिळतो, गंजलेला तळ मात्र बँकेतली ठेव मोडायला लावतो.

माझं मत विचाराल, तर एनसीआरमध्ये कायम राहणाऱ्यांनी ५० वर्षं पूर्ण झालेली सुरुवातीची आर १०७ शोधावी. पॅगोडा तिच्याहून देखणी आहे यात वाद नाही, पण फक्त रॅलीला निघणाऱ्या गाडीत एवढा पैसा अडकवणं प्रत्येक घराला झेपत नाही. ऐंशीच्या दशकातल्या गाडीवरच जीव जडला असेल, तर ती पुण्याला किंवा कोल्हापूरला आई-बाबांच्या अंगणात राहू द्या. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी वाढवता येते. बदली झाली म्हणून ती नोएडाला मात्र आणू नका. एमएच पाटी असली तरी एनसीआरच्या हद्दीत नियम इथलाच लागतो, आणि गाडी उचलून नेणारे पाटी बघून सोडत नाहीत.

हे सगळं ठरवण्याआधी एक दिवस तावडूला जाऊन या. दिल्ली-जयपूर महामार्गावर बिलासपूरला वळलं की तावडूच्या रस्त्यावर हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम लागतं. तरुण ठकराल यांनी उभं केलेलं हे संग्रहालय २०१३मध्ये खुलं झालं. पालख्या, बैलगाड्या, रेल्वेचा डबा, विमान, खेळण्यातल्या गाड्या, सगळं एकाच छताखाली आहे, त्यामुळे गाड्यांचं वेड नसलेली मंडळीही कंटाळत नाहीत. सकाळी लवकर निघा, आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.