सरत्या वर्षाची हजेरी

वार्षिकाकरिता काही लिहून द्यावे असा संपादकमंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही 2024 च्या जूनपासूनची आपली रोजनिशी काढून बसलो. एरवी आमच्या रोजनिशीत पाऊस, परीक्षा आणि दुधाचा हिशेब यांवाचून फारसे काही आढळावयाचे नाही. या वर्षीच्या पानांत मात्र एस.टी.ची तिकिटे, निरनिराळ्या कचेऱ्यांच्या पोचपावत्या, औषधांची बिले, लेकीच्या वसतिगृहाची पावती आणि एका मुलीच्या हातची आकडेमोड यांची दाटी झाली आहे. शिक्षकाचे आयुष्य मोठे संथ असते, असे जे कोणी म्हणतात त्यांस ही वही दाखवावी असे क्षणभर मनात आले. परंतु ही धावपळ कशापायी झाली हे सांगितल्यावाचून तिचे वर्णन करणे म्हणजे नुसती बढाई व्हावयाची. म्हणून आधी ते सांगतो.

आपला तालुका जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. (जिल्ह्याचे नाव 2024 च्या ऑक्टोबरात अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, शाळेचे नवे शिक्के करून आणण्याचे कामही आमच्याच गळ्यात पडले!) पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडे बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर हा सारा अवर्षणाचा मुलूख. दिवाळी उरकली की गावोगावची माणसे घरांस कुलपे लावून ऊसतोडीस निघतात, ती शिमग्यापाडव्याच्या सुमारास परततात. तिकडे नवराबायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम त्या जोडीला पावसाळ्यातच आगाऊ रक्कम देतो; तिला ‘उचल’ म्हणावयाचे, आणि ती ऊस तोडून फेडावयाची. एकटा पुरुष असला तर तो अर्धा कोयता. त्याची उचलही अर्धी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे कारण पडेल.

राज्यातील पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी लोणी येथे, 1950 साली उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे सातवीतील मुलासही पाठ असतात. ज्यांच्या हातांनी तो ऊस फडातून बाहेर येतो त्यांविषयी मात्र पाठ्यपुस्तकात ओळ सापडणे कठीण. हे आम्ही वर्गात बोलून दाखविले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, ओळ कशाला, आमचं नाव हजेरीत राहिलं तरी पुष्कळ झालं.” तो विनोदाने बोलला आणि वर्गही हसला, पण त्या रात्री आम्ही हजेरीपट घरी नेऊन मोजणी केली. नववी व दहावी मिळून एकोणीस मुलांचे आईबाप तोडीस जाणारे निघाले. त्यांपैकी अकरा मुले दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर जाणार होती.

लहान मुलांकरिता थोडीबहुत सोय आहे. पहिली ते आठवीपर्यंत गावोगाव हंगामी वसतिगृहे चालतात. मूल आजीपाशी राहते आणि दोन वेळा शाळेत जेवते. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदाही सहा ते चौदा वर्षांपर्यंतच हात धरतो. नववीत पाऊल पडले की तो हात सुटतो. आणि नेमके याच वयात मुलगा कोयता धरण्याजोगा होतो, मुलगी भाकऱ्या थापण्याजोगी, धाकटी भावंडे सांभाळण्याजोगी, आणि लोकांच्या दृष्टीने लग्नाजोगी होते.

ऑगस्टात आम्ही व आमचे दोन सहकारी गावोगाव बसू लागलो. पहिल्या दोन बैठकांत आम्ही शिक्षणाचे महत्त्व सांगितले. लोकांनी ते अतिशय आदराने ऐकून घेतले, चहा पाजला आणि वाटेस लावले. तिसऱ्या बैठकीत एका आजीबाईंनी विचारले, “तुमचं समदं खरं हाय, पर लेकरू निजंल कुठं?” तेथपासून आम्ही शिक्षणाचे महत्त्व सांगणे बंद केले व खाटा मोजावयास लागलो. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत तीन गावांनी ठराव केले. ते ठराव घेऊन आम्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखविले, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीने पुन्हा पहिलीकडे. या प्रवासाचे अधिक वर्णन करून वाचकांस शिणवीत नाही. शाळेच्या जुन्या बोर्डिंगमधील दोन खोल्यांत मोडकी बाके कोंबलेली होती. ती दहावीच्या मुलांनी दोन शनिवारांत बाहेर काढली, भिंतींना चुना दिला, आणि नोव्हेंबरात मुलगे तेथे राहावयास आले. धान्य पालकांनी दिले, सरपण गावाने. मुलींची व्यवस्था शिक्षकांच्या घरी झाली.

येथे आमच्या घरचे थोडे सांगणे भाग आहे. आमची एकुलती लेक परिचारिकेचे शिक्षण घेण्यास ऑगस्टातच पुण्यास गेली. तिला पोचवून परत आलो त्या दिवशी तिच्या खोलीचे दार आमच्या मंडळींनी ओढून घेतले, ते पुढे दोन महिने कोणी उघडले नाही. नववीतील दोन चुलतबहिणींकरिता जागा हवी होती, तेव्हा ते दार उघडावे हे बोलून दाखविण्याचे धैर्य आम्हांस होईना. आमच्या मातोश्रींनी ते काम केले. त्या म्हणाल्या, “खोली पोरीची हाय, पोरींनाच द्या.” मातोश्री 1972 च्या दुष्काळात ऐन विशीत होत्या. रस्त्याच्या कामावर त्यांनी खडी फोडली, परदेशातून आलेला लाल मिलो दळून खाल्ला आणि सुकडीसाठी रांगा लावल्या. त्या कामावर बायांची तान्ही मुले झाडाला झोळी बांधून ठेवीत, आणि झोळी हलविण्यास एखादी आठदहा वर्षांची पोर बसवीत. मातोश्रींना ती पोर अजून दिसते. आमच्या ग्रामसभेतील भाषणापेक्षा त्यांच्या या एका वाक्याने आमच्या घरात अधिक काम झाले, हे आमच्या मंडळीही कबूल करतात.

2024 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू व्हावयाचा ठरला होता आणि विधानसभेचे मतदान होते 20 ला. काही टोळ्या आधीच गेल्या, काही मतदान करून निघाल्या. आमची नेमणूक एका लहान गावाच्या मतदानकेंद्रावर होती. दुपारनंतर रांगेत बहुतेक म्हातारी माणसे दिसू लागली. संध्याकाळी बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्यात भांडी, लाकडे, शेळी, गाद्या आणि वर चढून बसलेली मुले. बोटाची शाई वाळते न वाळते तोच आईबाप ट्रॉलीत चढले. आमच्या घरच्या थोरल्या मुलीचे आईबापही त्याच ट्रॉलीत होते. ती त्यांस निरोप द्यावयास आली नाही. मागाहून कळले, ती घरी गणिते सोडवीत बसली होती.

ती गणिते कोणती, तर वडिलांच्या उचलीची. कागद आमच्या रोजनिशीत आहे. उचल 1,00,000 रुपये. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती जमेस धरून तिने टनाला 360 रुपये घेतले. म्हणजे फेडीसाठी सुमारे 278 टन ऊस. दोघे मिळून दिवसाला दोन टन तोडतील असे धरले तर 139 दिवस. आणि त्यात आजारपण नाही, ‘खाडा’ नाही, किराणा नाही. खाली तिने लिहिले होते : “कारखाना इतके दिवस चालेल काय?” नववीच्या गणितास यापेक्षा अवघड प्रश्न आम्ही आजवर घातलेला नाही.

डिसेंबरात निरोप आला की, या मुलीस स्थळ आले आहे. मुलगा टोळीतलाच, मुकादमाच्या नात्यातला. लग्नाचा खर्च मुलाकडचे करणार. का करणार हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल : सून आली की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल दुप्पट मिळते. मुलगी पंधरा वर्षांची.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्यास लेकीकडे उतरलो, तेथून कोल्हापूरच्या गाडीने निघून जयसिंगपुरास पोचलो. शिरोळचा तो मुलूख आमच्यासारख्या कोरडवाहू माणसास दिपवून टाकतो. कृष्णा आणि पंचगंगा तेथे नरसोबाच्या वाडीला मिळतात, आणि दृष्टी पोचेल तेथवर ऊस. रस्त्याच्या कडेला मोकळ्या रानात टोळीचा तळ होता : पाचटाच्या व ताडपत्रीच्या कोप्या, दाराशी वाढ्यांचे भारे, मधून वाहणारे सांडपाणी. मुलीचे आईबाप पहाटे चारला फडात गेलेले, ते मोळ्या वाहून, गाडी भरून अंधार पडल्यावर आले. तोवर धाकटा भाऊ आम्हांजवळ बसून होता. त्याच्या पिशवीत शिक्षण हमी पत्रक घडी करून ठेवलेले होते. ते दाखविले की तिकडच्या शाळेत प्रवेश मिळतो. शाळा तीन किलोमीटरांवर. त्यास नेऊन सोडणार कोण? पत्रकाची घडीही मोडलेली नव्हती.

आमच्या पिशवीतही एक कागद होता, 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचा. तो आम्ही बाहेर काढला नाही. कायद्याचा धाक घातला की लग्न दुसऱ्या गावी, रात्री लागते, हे आमच्या तालुक्यात सर्वांस ठाऊक आहे. आम्ही मुलीच्या हातची आकडेमोड काढली व चुलीच्या उजेडात वाचून दाखविली. बाप ऐकून म्हणाला, “आकडा बरोबर हाय, गुरुजी. पोरीनं खाडं धरलं न्हाईत तेवढंच.” मग पुष्कळ वेळाने म्हणाला, “उचल फिटंस्तवर माझा शब्द माझा न्हाई.” आई तोवर काही बोलली नव्हती. तिने भाकरी उलथून विचारले, “रातीला ती कुठं निजती?” आम्ही सांगितले, “आमच्या आईच्या खाटेशेजारी.” “आन् दाराला कडी हाय?” “आहे.” तिने नवऱ्याकडे पाहिले. लग्नाची गोष्ट त्या रात्री पुन्हा निघाली नाही. आम्ही भाकरी व वांग्याचे कालवण खाऊन तेथेच पडलो; पहाटे उठलो तेव्हा तळ रिकामा झाला होता.

जानेवारीत मातोश्री न्यूमोनियाने आजारी पडल्या. नऊ दिवस दवाखान्यात होत्या. लेक पुण्याहून आली, आमच्या मंडळी व दोघी मुली पाळीपाळीने बसत. थोरली त्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवी. मातोश्रींना निधनवार्ता फार आवडत, त्या आधी वाचावयाच्या असा नियम होता. त्या बऱ्या होऊन घरी आल्या त्याच आठवड्यात दोघींपैकी धाकटीस न्यावयास तिचा भाऊ आला. वहिनी तळावरच बाळंत झाली होती. कोपीत चूल पेटविण्यास व मूल सांभाळण्यास कोणी नव्हते. आम्ही बोललो, मातोश्री बोलल्या. भावाचे डोळे खाली होते. मुलीने आपली वह्यांची पिशवी बरोबर घेतली आणि गेली. ती कोठे आहे हे आम्हांस ठाऊक आहे. येथे लिहीत नाही. वर्गातील ज्यांस ती ओळखू येईल त्यांनी ओळखून गप्प बसावे.

त्या हंगामात ऊस कमी पडला आणि बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच थंडावले. थोरलीच्या आईबापांचे शंभर दिवस भरले : दोनशे टन, 72,000 रुपये. उरलेले 28,000 अंगावर घेऊन ते परत आले. त्यांच्याबरोबर दुसऱ्या तळांवरची आणखी दोन मुले परतून परीक्षेस बसली. एकंदर अकरांपैकी सात सबंध हंगामभर येथे राहिली, दोन मागाहून आली, दोन आली नाहीत. थोरली नववी उत्तीर्ण झाली. गणितात तिला वर्गात दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक कोणाचा हे त्या मुलाने स्वतःच गावभर सांगितले आहे.

हे लिहीत असता 2025 चा जून लागला आहे आणि मुकादम पुन्हा गावांतून फिरू लागले आहेत. थोरलीच्या बापाने अंगावरचे फेडण्यास नवी उचल घेतली. ती दहावीत आहे. तिची खाट मातोश्रींच्या शेजारी तशीच ठेवली आहे. दुसरी खाटही आमच्या मंडळींनी हलविलेली नाही. या वर्षीच्या यादीत चौदा नावे आहेत : नऊ मुलगे, पाच मुली. बोर्डिंगच्या तिसऱ्या खोलीचे पत्रे गळतात. ते पावसाळ्यानंतर बदलावयाचे आहेत. मुलींकरिता आणखी तीन घरे हवी आहेत. ज्या पालकांच्या घरी एक खाट मावेल आणि दाराला कडी असेल, त्यांनी दसऱ्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात आपले नाव कळवावे.