हप्त्याचे गणित

नाशिकच्या रविवार कारंजावरील पेढीवर बसणारा मुलगा दरसाल दरशेकड्याचे व्याज तोंडी सांगतो, आणि तोच वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात व्यावसायिक गणितात अडखळतो. घरच्यांना नवल वाटते. मूळ बहुधा दोन वर्षे मागे असते. अकरावीला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते. ती घेतली की घातांक व समीकरणांचा सराव सुटतो आणि महाविद्यालयात वार्षिकी समोर येते ती थेट सूत्र होऊन.

कर्ज एक लाख, व्याज दरमहा एक टक्का, समान हप्ते बारा. मुलगा व्याज सांगतो १२,००० रुपये. सूत्राने हप्ता येतो सुमारे ८,८८५ आणि एकूण व्याज अवघे ६,६१९. त्याला सूत्रच खोटे वाटते! वास्तविक पहिल्या हप्त्यातून १,००० रुपये व्याजात जातात, ७,८८५ मुद्दलातून उतरतात. पुढील व्याज उरलेल्या ९२,११५ वरच. ही घरचीच खतावणी. बारा ओळी हाताने मांडल्या तर सूत्र कोठून आले ते दिसते. पण तेवढी सवड तासिकेत क्वचितच मिळते. पेपर राहिला तरी एटीकेटीवर वर्ष पुढे सरकते, शंका मात्र तेथेच राहते.

महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रहा’त मुद्दल, मुदत व व्याजाची उदाहरणेच घातली होती.

मुलाला सी.ए. व्हायचे आहे. फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात हीच वार्षिकी पुन्हा भेटते, आणि तेथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो.