अठरा इंच

देऊळघाटला मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही दिलेली खुर्ची ओसरीत होती आणि तिच्यावर सोयाबीनचं पोतं बसलं होतं. अगदी ऐटीत, पाठ टेकून. दोन्ही ब्रेक नीट लावलेले. ज्यांच्यासाठी ती खुर्ची दिली त्या मावशी शेजारी भुईवर बसून लसूण सोलत होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सातासमुद्रापलीकडून आलेली वस्तू, मी स्वतः पान्याने जोडलेली, आणि या बाईने तिचं फडताळ केलं!

मंडळीत साक्ष द्यायला मी दोनदा उभा राहिलो. देऊळघाटची गोष्ट दोन्ही वेळा सांगितली. पोत्याचा भाग दोन्ही वेळा गाळला.

एसटीच्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. घराणं आमचं अलायन्स मिशनचं. अमेरिकेतलं हे मिशन 1880 नंतरच्या दशकात वऱ्हाडात आलं, अकोल्याला मुख्य ठाणं करून खामगाव, बुलढाणा, मलकापूर असं पसरलं. 1899-1900 साली छप्पन्नचा दुष्काळ पडला तेव्हा मिशनने पोरकी पोरं सांभाळली, त्यांत माझी आजी होती. सहा-सात वर्षांची. लोक आम्हाला पोटासाठी बाटलेले म्हणायचे, ते मी लहानपणी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी पुष्कळ ऐकलंय. म्हणून परदेशातली एक लहानशी मंडळी चाकाच्या खुर्च्या घेऊन आपल्या भागात येणार आणि तिला मेकॅनिक हवा आहे असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्या मिनिटाला हो म्हणालो. घेणाऱ्याचा नातू आता देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहणार होता. हा अहंकार होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

अशी कामं जगात पुष्कळ चालतात. जोनी एरेक्सन टाडा ही अमेरिकन बाई 1967 साली, सतरा वर्षांची असताना, पाण्यात सूर मारताना मान मोडून गळ्याखाली लुळी झाली. तिच्या संस्थेसाठी जुन्या खुर्च्या तुरुंगातले कैदी दुरुस्त करतात आणि मग त्या देशोदेशी जातात. आमच्याकडे आलेली मंडळी तिच्यातली नव्हे, पण या बाईचं नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं. माणसं मनाने चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. स्वतःच्या खर्चाने, रजा काढून आलेली. एक निवृत्त शिक्षिका तर उन्हाने लालबुंद झाली तरी सावलीत जायला तयार नव्हती.

पैनगंगा जिथून निघते त्याच डोंगराळ मुलखातलं देऊळघाट. बोळ चढ-उताराचे, दगडगोट्यांचे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा. खुर्चीची पुढची चाकं चिमुकली असतात. असल्या मातीत ती रुततात आणि खुर्ची बैलाने जू टाकावं तशी जागीच बसते. हे मला कळायला हवं होतं, मी इथलाच. पण आमच्यासमोर खोक्यांची चळत होती आणि फळ्यावर रोज संध्याकाळी आकडा लिहायचा होता. एक खुर्ची जोडायला मला वीस मिनिटं लागत. तिसऱ्या तासाला मी ते काम पंधरावर आणलं आणि टाळ्या घेतल्या.

सगळ्या खुर्च्या अठरा इंची. बैठकीची रुंदी अठरा इंच, म्हणजे चांगल्या भरदार माणसाची. आपल्याकडे शेतावर राबून, आजाराने वाळून गेलेल्या माणसाला चौदा-पंधरा पुरतात. रुंद खुर्चीत बारीक माणूस एका बाजूला कलंडतो, आणि चाकापर्यंत हात न्यायला त्याला पंख पसरावे लागतात. पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. मी बाजूला उशा खोचायला सांगितल्या आणि पुढचं खोकं फोडलं.

आणखी एक काम माझ्याकडे आपसूक आलं, दुभाष्याचं. मिशनच्या शाळेतलं माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण बाकीच्यांपेक्षा बरं. तर या मावशींना मुलाने उचलून खुर्चीत बसवलं. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय गेलेले, जन्म हातांवर आणि गुडघ्यांवर सरकत काढलेला. त्यांनी चाकाला हात लावून पाहिला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, मी हिचं काय करू? माही चूल खाली हाय. हंडा खाली, जातं खाली. हिच्यात बसवलं का मंग मले पाण्याचा गिलास बी दुसऱ्यानं द्यावा लागीन."

ती शिक्षिका माझ्याकडे बघत होती. काय म्हणते आहे?

मी सांगितलं, ती आभार मानते आहे.

शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मावशींचा हात धरून प्रार्थना केली, कुणीतरी फोटो काढला, आणि फळ्यावर आकडा वाढला. तेवढ्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. खोटं बोललो म्हणून तर वाटतेच, पण ते इतकं सहज कसं सुचलं याची जास्त वाटते.

प्रार्थनेचंही सांगतो. खुर्ची दिल्यावर प्रार्थना करायची असं ठरलं होतं. जबरदस्ती कुणावर नव्हती, पण तशी ती नसल्याचंही कुणी सांगितलं नव्हतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला हळूच विचारलं, "दुआ में बैठना जरूरी है क्या, बेटा?" नाही, असं एका शब्दात उत्तर होतं. मी म्हणालो, "आप लाइन में रहिए, चाचा." ते राहिले, आणि डोकं झुकवून बसलेही. माझा प्रभूवर विश्वास तेव्हा होता आणि आताही आहे. पण त्या दिवशी त्या चाचांच्या आणि माझ्या मध्ये एक खुर्ची उभी होती, आणि तिचा फायदा मी घेतला.

पाहुणे गेले. सोयाबीन निघण्याच्या सुमाराला त्यांचा निरोप आला, की खुर्च्यांमुळे लोकांचं आयुष्य कसं बदललं त्याचे फोटो पाठवा. म्हणून मी दुसऱ्यांदा गेलो होतो. पोत्याचा फोटो काही काढला नाही. मावशींनी मात्र चहा दिला. जमिनीवरून सरकत चुलीपाशी गेल्या, गंज ठेवला, कपबश्या काढल्या, फुंकणीने जाळ केला. चार हात अंतरात त्यांचं सगळं राज्य. मी ओसरीत पोत्याशेजारी बसून रागाने चहा प्यालो.

तिथून एका तरुणाकडे गेलो. विहिरीच्या कामावर पडून पाठीचा कणा मोडलेला, कमरेखाली संवेदना नाही. हा माझा हुकमाचा पत्ता होता. खुर्ची मिळाली आणि पोरगं सुटलं. सकाळी चौकात, संध्याकाळी मित्रांत, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. एवढी वापरलेली दुसरी खुर्ची नसेल. घरी पाहतो तर तो पालथा पडलेला. बैठकीला जखम झाली होती. आधी लाल चट्टा, मग खड्डा. दुखत नाही म्हणून त्याला कळलं नाही, आणि दिसत नाही अशा जागी म्हणून घरच्यांनाही उशिरा कळलं. आईने चादर उचलून दाखवलं. मी वर्कशॉपात लोकांची बोटं तुटलेली पाहिली आहेत, पण तिथे मला भिंतीला धरावं लागलं.

त्याच्या खुर्चीला गादी नव्हती. नुसतं ताणलेलं कापड. ज्याला खालचं काही कळत नाही अशा माणसाला त्यावर बसवायचंच नसतं. दाब वाटून घेणारी उशी लागते, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायला शिकवावं लागतं. खोक्यांत उशा होत्या थोड्या, त्या पहिल्याच दिवशी संपल्या. कलंडणाऱ्यांच्या बाजूला खोचायला. आठवतंय ना, मीच सांगितलं होतं.

तो पाच महिने पालथा होता. वाचला.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची मार्गदर्शक पुस्तिका दाखवली, साधनं कमी असलेल्या मुलखात चाकाची खुर्ची कशी द्यावी याबद्दलची. आठ पायऱ्या आहेत: नोंदणी, तपासणी, निवड, पैशांची तजवीज, जुळणी, अंगाला बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि पुढची देखभाल-दुरुस्ती. आम्ही पाचवीवर चढलो आणि पाचवीवरूनच उतरलो. मला स्वतःचंच हसू आलं, कडू. एसटीची गाडी ठरलेल्या किलोमीटरला तपासणीला, म्हणजे डॉकिंगला, आली नाही तर आम्ही आकाशपाताळ एक करायचो. लोखंडाच्या गाडीला जी शिस्त मी तीस वर्षं लावली, ती माणसाच्या गाडीला लावावी हे डोक्यात आलंच नाही, कारण ती फुकट होती. फुकटाला कसलं डॉकिंग?

त्याच सुमाराला नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं. सोळाव्या वर्षी पाय गेलेली ही कोल्हापूरची बाई. 1984 साली तिने हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. देणारी स्वतः खुर्चीत बसलेली असली की काय फरक पडतो, याचा विचार करत मी बरेच दिवस घालवले. आमच्या त्या टोळीत खुर्चीत बसणारं एकही माणूस नव्हतं. जोनीचं नाव घेणारे सगळे दोन पायांवर उभे.

बार्तमी हा शुभवर्तमानातला आंधळा भिकारी. त्याने हाका मारल्यावर येशू थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? लहानपणी रविवारच्या शाळेत हा प्रश्न मला खुळा वाटायचा. आंधळा दुसरं काय मागणार? एकदा बाईंना तसं विचारलं तर त्यांनी मला खाली बसवलं. पन्नास वर्षांनी, त्या तरुणाच्या घरून स्कूटरवर परतताना, तो प्रश्न पुन्हा आठवला. म्हणजे प्रभू विचारत होता आणि आम्ही नाही.

मग आजी आठवली. नाताळात मिशनच्या पोरांना अमेरिकेहून भेटींची पार्सलं येत. आजीला एका वर्षी लोकरीचे हातमोजे मिळाले. वऱ्हाडात! तिने ते जन्मभर ठेवले, चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायला. आम्ही पोरं हसायचो, तीही हसायची. पण एकदा, फार म्हातारी झाल्यावर, म्हणाली होती, की त्या दिवशी मला कापडाची बाहुली पाहिजे होती आणि कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पाठवणाऱ्या बाईला आजीने पत्र लिहिलं होतं म्हणे. म्हणजे मिशनच्या मडमेने सांगितलं तसं. आभाराचं.

सोयाबीनच्या पोत्याचा राग तिथे उतरला.

पाळकसाहेबांशी माझं यावरून वाजलं. त्यांचं म्हणणं, दहांतल्या सहांना तरी उपयोग झाला ना? खोटं नाही ते. चाचांच्या खुर्चीने त्यांना पुन्हा मशिदीत जाता येऊ लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचा आनंद आहे. खुर्च्या वाटूच नयेत असं मी म्हणत नाही. सरकारी एडिप योजनेतून 1981 पासून साधनं मिळतात, पण त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या फेऱ्या मारण्यातच खेड्यातलं माणूस थकतं. पोकळी आहे, म्हणून तर आमच्यासारखे घुसतात. पण पुढच्या वर्षी पुन्हा तशीच टोळी येणार म्हटल्यावर मी खुर्च्या जोडणार नाही असं कळवून टाकलं. टेप घेऊन आधी घरोघर जातो म्हणालो, आणि प्रार्थना ज्याला हवी त्याने मागावी. त्यांना तेवढा वेळ नव्हता.

मी मात्र गेलो. मावशींना पहिल्यांदा विचारलं, की मावशी, तुम्हाला काय पाहिजे? त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, मी काही विकायला आलोय की काय अशा. मग दोन्ही तळहात पुढे केले. उन्हाळ्यात बोळातले दगड तापतात, हात भाजतात, गुडघे सोलतात. बस, एवढंच. टायरच्या रबराचे तळवे आणि गुडघ्यांचे गादीवाले पट्टे चप्पल शिवणाऱ्या माझ्या एका मित्राने करून दिले. माप घेताना मावशी म्हणाल्या, "एसटीत होता का शिंपी होता, भाऊ?" पहिली जोडी आवळ झाली, ती परत आली. दुसरी बसली.

खुर्ची परत नेऊ का, असं मी जरा भीतभीतच विचारलं. एका मुलीला ती हवी होती.

"न्या की," मावशी म्हणाल्या. "पण मंग पोतं ठेवायले काई आणून द्या. खाली ठेवलं का उंदरं लागतात."

मी सागाच्या फळ्यांची घडवंची करून नेली. पोतं तिच्यावर चढवलं, खुर्ची घरी आणली. मुलीचं माप पंधरा इंच. घडीच्या कैचीच्या दोन्ही नळ्या कापायच्या, भोकं नव्याने पाडायची, बैठकीचं आणि पाठीचं कापड उसवून शिवायचं. तीन इंच कमी करायला मला दोन दिवस लागले.

उशीचं काम अजून बाकी आहे.