काळा ढग आणि बागेतला माळी



काळा ढग म्हटला की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मृगाचा पाऊस, मातीचा वास आणि बांधावर उभे राहून आभाळाकडे लावलेली नजर. कृषी खात्यात माझी तीस वर्षे गेली, पण आभाळ भरून आले की अजूनही मी हातातले काम टाकून अंगणात येतो. आज मात्र एका निराळ्याच काळ्या ढगाची गोष्ट सांगणार आहे. हा ढग पाऊस पाडत नाही. हा ढग विचार करतो.

"बी-बियाणे सोडून साहेबांनी हे काय काढले?" असे म्हणू नका. गोष्ट लांबून सुरू होत असली, तरी शेवटी ती आपल्याच गोठ्यात येऊन थांबणार आहे.

२०२५ च्या मे महिन्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. आपल्या कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस जगातला मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला आणि तरी मराठीत विज्ञानकथा लिहीत राहिला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळाले होते. आपल्या नावाची अद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती, म्हणजे नाव बघून कोणी झुकते माप द्यायला नको! ते गेल्याची बातमी आली त्या रात्री माझी थोरली मुलगी म्हणाली, "बाबा, नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल, त्यांनीही अशी एक कादंबरी लिहिली आहे. वाचा." पुस्तकाचे नाव 'द ब्लॅक क्लाउड', म्हणजे काळा ढग. साल १९५७. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते पावसाळाभर वाचले.

परग्रहावरच्या जिवांच्या गोष्टी तुमच्या मुलांनी सिनेमात पाहिल्याच असतील. हिरवी कातडी, मोठे डोळे, डोक्यावर दोन शिंगे. पण नीट पाहिले तर ती सोंगे घेतलेली माणसेच असतात. रागावतात आपल्यासारखी, भांडतात आपल्यासारखी. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९८ साली मंगळावरून आलेल्या प्राण्यांची कादंबरी लिहिली. ते दिसायला भयंकर. नुसते डोके, त्याला वळवळणारे हात, आणि माणसाचे रक्त हेच त्यांचे अन्न. शेवटी ते तोफांनी मेले नाहीत, आपल्या मातीतल्या साध्या जंतूंनी मेले, हे वाचून शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला आनंदच झाला. पण त्यांची नियत मात्र ओळखीची होती. दुसऱ्याची जमीन बळकावायला आलेले ते! अशी माणसे पाहायला मंगळापर्यंत कशाला जायला हवे? बांध कोरणारे गावोगाव आहेत.

हॉइलचा ढग तसा नाही. त्याला तोंड नाही, हात नाहीत, घर नाही. कोट्यवधी किलोमीटर पसरलेला वायू आणि धूळ, एवढेच त्याचे शरीर. आपल्या अंगात मज्जातंतू निरोप नेतात, त्याच्या अंगात ते काम रेडिओच्या लहरी करतात. तो ताऱ्याताऱ्यांमधून फिरत असतो आणि गाडीवान बैलांना पाणी दाखवायला वाटेत हाळावर थांबतो, तसा एखाद्या सूर्यापाशी थांबून त्याची उष्णता पोटात भरून घेतो. असा तो आपल्या सूर्यापाशी येऊन थांबला. पृथ्वीवर अंधार पडला, थंडी पडली, पिके गेली, माणसे-जनावरे मेली. आणि ढगाच्या मनात काय होते? काहीच नाही. खाली कोणी आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. नांगरताना तासाखाली आलेले मुंग्यांचे बीळ आपण कधी पाहतो का?

इंग्लंडमधले काही शास्त्रज्ञ रेडिओवरून त्याच्याशी बोलायला लागले. ढग थोड्या दिवसांत इंग्रजी शिकला. मग त्याला जे आश्चर्य वाटले, ते वाचताना मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसलो. ग्रहाच्या पाठीवर विचार करणारा जीव असूच कसा शकतो, असे तो विचारतो. एवढी ओढ असलेल्या घट्ट जमिनीवर, एवढ्याशा उन्हावर, एवढ्याशा डोक्यात विचार मावेल कसा? म्हणजे आपण त्याला विचित्र म्हणावे, तर त्याच्या लेखी आपणच विचित्र! सरकारांनी घाबरून त्याच्यावर बॉम्ब सोडले. त्याने ते आलेल्या वाटेने परत धाडले. तो वैरी नव्हता आणि मित्रही नव्हता. आपली ही दोन मापे त्याला लागूच पडत नव्हती.

पुढे ढग निघायला तयार झाला. तेव्हा त्याच्यासारखा विचार कसा करावा, हे शिकायला एक शास्त्रज्ञ त्याच्यापुढे बसला. त्या ज्ञानाचा भार त्याला सोसला नाही आणि तो मेला. मग त्यांच्यातला सर्वांत हुशार, किंग्जली नावाचा, बसला. तोही गेला. का, ते तिथला डॉक्टर सांगतो. डोक्यात आधी पक्के बसलेले आणि नवे आलेले यांची टक्कर झाली आणि त्यात मेंदू गेला. मग तो म्हणतो की या लोकांऐवजी बागेतला माळी बसवला असता, तर तो कदाचित वाचला असता. त्याच्या डोक्यात मोडून टाकावे लागेल असे फार काही नव्हते. गंमत अशी, की ढगाचे बोलणे ऐकू यावे म्हणून जे यंत्र केले होते, त्याला थट्टेने त्याच माळ्याचा आवाज दिलेला होता.

हे वाक्य मला लागले. कारण आमच्या घरात असा माळी होता आणि मी मात्र किंग्जली होतो.

२०२४ च्या दिवाळीत आबांना, माझ्या वडिलांना, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळ्या शब्दांतून एकच शब्द उरला, "चल." भूक लागली तरी "चल", दुखले तरी "चल". रोज दिवस कलायला लागला की ते फार अस्वस्थ होत, डावा हात खाटेवर आपटत आणि "चल, चल" करत राहत.

मी विस्तार अधिकारी. लोकांना समजावून सांगण्यात माझी हयात गेली. मेळाव्यात लावतो तसा मी एक तक्ता केला. पाण्याचा तांब्या, भाकरी, पांघरूण, औषधाची बाटली, सगळ्यांची चित्रे. "आबा, यातले काय पाहिजे? बोट ठेवा." ते तक्त्याकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत आणि तक्ता बाजूला सारत. आठ दिवस हे चालले. शेवटी मी त्यांच्या उशापाशी उभा राहून घरच्यांना म्हणालो, "आता त्यांना काही कळत नाही." त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. ते मी पाहिले, आणि तरीही मला काही कळले नाही.

आमच्याकडे नाना आहेत. वीस वर्षे आमचे सालगडी. शाळा चौथीपर्यंत. ते संध्याकाळी येऊन आबांच्या पायथ्याशी बसत. काही विचारत नसत, तक्ता दाखवत नसत. नुसते बसत, पाय चेपत. पंधरा दिवसांनी ते मला बाजूला घेऊन म्हणाले,

"दादा, आबा बैलं मागत्यात."

"कशावरून, नाना?"

"चल चल आपन कुनाला म्हनतो? आन् येळ बगा की. बैलं पान्याला सोडायची येळ झाली, की त्यांचा जीव खाली-वर हुतो. घुंगराचा आवाज येत न्हाई त्यास्नी."

माझे पायच गळाले. आबा दवाखान्यात असताना बिलासाठी मी खिल्लारी जोडी बाजारात विकली होती. आता ट्रॅक्टर आहे, बैल हवेत कशाला, असा माझा हिशेब. आबांना धक्का बसेल म्हणून सांगितले नव्हते. म्हणजे माणूस रोज एकच सवाल विचारत होता, त्याचे उत्तर माझ्यापाशी होते, आणि मी त्याला भाकरीचे चित्र दाखवत होतो!

त्या संध्याकाळी खाटेवर बसून मी आबांना सगळे सांगितले. जोडी कोणी घेतली, कितीला गेली, घेणारा घर चांगला आहे, सगळे. ते रडले. मग डाव्या हाताने त्यांनी माझे मनगट धरले आणि बराच वेळ सोडले नाही. त्यांना सगळे कळत होते. पहिल्या दिवसापासून कळत होते.

मंडळी, नानांचे डोके रिकामे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. बैलाचा आजार त्याच्या डोळ्यावरून ओळखणारा तो माणूस आहे. फरक एवढाच, की "याला काय हवे असणार" ही यादी ते आधीच खिशात घेऊन आले नव्हते. मी ती घेऊन गेलो होतो. इतकेच नव्हे, तर तिची चित्रे काढून भिंतीवर लावली होती. खात्यात असताना किती शेतकऱ्यांपुढे मी असाच तक्ता धरला असेल आणि ते गप्प बसले म्हणून त्यांना अडाणी ठरवले असेल, याचा विचार आता रात्री येतो.

ताऱ्यांमधून फिरणारा ढग तुमच्या-माझ्या हयातीत यायचा नाही. पण ज्याचे बोलणे आपल्याला उमगत नाही, असा कोणीतरी बहुतेक घरात असतो. कोणाचे म्हातारे माणूस असते, कोणाचे बोलता न येणारे लेकरू असते, कोणाची माहेर सोडून नव्याने आलेली सून असते. त्याला काही कळत नाही असे म्हणण्याआधी आपला तक्ता खाली ठेवावा आणि पायथ्याशी थोडे बसावे. आणि निदान त्याच्या उशाशी उभे राहून तसे कधी बोलू नये.

बैल काही परत आले नाहीत. पण त्यांची घुंगुरमाळ गोठ्यात खुंटीला तशीच होती. नानांनी ती आमच्या कालवडीच्या गळ्यात बांधली. आता रोज दिवस कलला की नाना तिला पाण्याला सोडतात. आबा खाटेवरून कान देऊन ऐकतात आणि हळूच म्हणतात, "चल."