रिकामा कोनाडा

मार्च २००१ मध्ये बामियानचे दोन बुद्ध सुरुंग लावून उडवले गेले, तेव्हापासून एक प्रश्न नेमाने माझ्या वाट्याला येतो. कधी चेष्टेत, कधी रागात, कधी खऱ्या कुतूहलाने. "तुमच्यात मूर्ती चालत नाही ना? मग तुम्ही अजिंठ्याला जाऊन काय बघता?"

याची दोन तयार उत्तरं मी लहानपणापासून आमच्या लोकांकडून ऐकत आलोय. एक, 'ते तालिबान, आम्ही नव्हे.' दुसरं, 'आणि इतरांनी काय कमी पाडापाडी केली?' पहिलं खरं आहे, पण त्यात उत्तर कमी आणि सुटका जास्त आहे. दुसरं म्हणजे निव्वळ हिशेब चुकता करणं. मला स्वतःला पटेल असं उत्तर हवं होतं. ते जिथे मिळालं ती जागा माझ्याच मराठवाड्यात आहे.

आधी बामियानबद्दल. थोरली मूर्ती ५५ मीटर उंच होती, धाकटी ३८. सहाव्या-सातव्या शतकात डोंगराच्या कड्यात त्या कोरल्या गेल्या. पुढे ते सगळं खोरं मुसलमान झालं. तरीही सुमारे हजार वर्षं मूर्ती उभ्याच होत्या. मधल्या काळात त्यांच्यावर घाव पडले, चेहरे गेले, हे खरं. पण त्या खोऱ्यातल्या हजारा मुसलमानांनी त्यांना सलसाल आणि शाहमामा अशी नावं दिली, त्यांच्या प्रेमाच्या गोष्टी रचल्या. पाडणाऱ्यांचा दिवस जगाला पाठ आहे. सांभाळणाऱ्यांची हजार वर्षं कुणी मोजत नाही.

आता अजिंठा. लेणं क्रमांक १० मध्ये मी पहिल्यांदा मुलीला घेऊन गेलो, तेव्हा ती दहा वर्षांची होती. इसवी सनापूर्वीचं हे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांच्या रांगा, वर कमानदार छत, आणि टोकाला नुसता स्तूप. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "अब्बा, इथे देव कुठाय?"

त्या काळात बुद्धाची मूर्ती करण्याची रीतच नव्हती, हे मी तिला सांगितलं. बुद्ध आहे हे सांगायला बोधिवृक्ष, रिकामं आसन, पावलांचे ठसे किंवा स्तूप पुरे. ज्याला शब्दांत आणि रूपात बांधता येत नाही, त्याची जागा मोकळी ठेवायची. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या मिहराबीसारखं?"

मिहराब म्हणजे मशिदीच्या पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा. पश्चिमेचा आपल्याकडे, कारण मक्का तिकडे. त्यात काहीही ठेवलेलं नसतं. तो फक्त दिशा दाखवतो. आता कुणी लगेच असं समजू नये की एकाने दुसऱ्याकडून घेतलं. स्तूप हा स्तूप आणि मिहराब ही मिहराब. पण रिकामेपणालाही अर्थ असतो, तो डोळ्यांना शिकवावा लागतो, हे दोन्हीकडच्या कारागिरांना ठाऊक होतं. आणि त्याच दहा नंबरच्या खांबांवर पुढच्या शतकांतल्या चित्रकारांनी बुद्धाची चित्रं रंगवलीच. मूर्तीशिवायची श्रद्धा आणि मूर्तीसह श्रद्धा, दोन्ही एका छताखाली नांदल्या.

त्यातल्याच एका चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला आपलं नाव कोरून ठेवलंय. हाच स्मिथ अजिंठा जगाला दाखवणारा म्हणून ओळखला जातो. नासधूस करायला दर वेळी द्वेषच लागतो असं नाही. 'मी इथे आलो होतो' एवढी हौसही पुरते.

मला हवं असलेलं उत्तर इथून पुढे आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९१४ मध्ये संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि त्याचे पहिले संचालक झाले गुलाम याझदानी. दिल्लीत जन्मलेला, अरबी-फारसी शिलालेख वाचण्यात हयात घालवणारा माणूस. त्यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून तज्ज्ञ बोलावून सुटू लागलेले रंगांचे पापुद्रे भिंतीला पुन्हा बसवले गेले. त्यांनी वापरलेलं व्हार्निश पुढे काळवंडलं, ते काढायचं काम नंतरच्या पिढ्यांना करावं लागलं. पण त्या वेळी रंग गळून पडायचे थांबले. मग याझदानींनी अजिंठ्याच्या चित्रांचे ग्रंथ काढले. पहिला भाग १९३० चा, चौथा १९५५ चा. मधे ज्या संस्थानाने हे काम सोपवलं ते संस्थानच १९४८ मध्ये संपलं. काम थांबलं नाही.

त्याआधी १९०९ ते ११ मध्ये ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्यासोबत अजिंठ्याच्या प्रतिकृती करायला नंदलाल बोस यांच्या बरोबरीने हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोन चित्रकार होते. अंधाऱ्या लेण्यात बसून पद्मपाणीच्या पापण्यांची रेघ समजून घेणारे हे हात नमाजीला उठणारेच हात असतील. त्यांना त्यात अडचण वाटली नाही.

आणि याझदानींचंच दुसरं मोठं काम बिदरवर आहे. बिदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ चा. गवान इराणच्या गिलानचा. त्याने समरकंद-खुरासानच्या धर्तीवर तीन मजली मदरसा बांधला आणि त्याला रंगीत चकाकत्या फरशांची नक्षी चढवली. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कापून, एकमेकांत बसवून केलेलं हे काम. निळ्यावर पांढरी अक्षरं आजही वाचता येतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला. उरलेलं आपण बघतो. अजिंठ्याचा बुद्ध आणि बिदरचं निळं अक्षर, दोन्ही एकाच माणसाने एकाच निष्ठेने जपलं. मला हे पुरतं.

इथे एक खुलासा करतो. मी निजामाचं गुणगान करायला बसलेलो नाही. रझाकारांच्या आठवणी ज्या गावांत अजून जिवंत आहेत, तिथल्या माणसाने ते करूही नये. राज्य जुलमी असू शकतं आणि त्याच राज्यातला एखादा अधिकारी आपलं काम चोख करू शकतो. दोन्ही गोष्टी मराठवाड्याने पाहिल्या आहेत.

पण हे सगळं दुसऱ्यांना उत्तर देण्यापुरतं असेल तर काय उपयोग? गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका जुन्या मशिदीच्या दुरुस्तीची बैठक झाली. मिहराबीवर चुन्यात काढलेली वेलबुट्टी आहे, ओल आल्याने पोपडे धरलेत. कमिटीचं म्हणणं, ते खरवडून चकचकीत टाइल्स लावू, पुसायला सोपं. मी विरोध केला. एक वडीलधारे चाचा शांतपणे म्हणाले, "नमाज कू नक्षी नैं लगती, बेटा."

मी म्हणालो, "नैं लगती, चाचा. पण ज्याने ही काढली, त्याची तीच इबादत होती."

बराच वाद झाला. कुणी खर्च काढला, कुणी मला 'म्युझियमवाला' म्हटलं. शेवटी भिंतींना कमरेपर्यंत टाइल्स लागल्या. मिहराब तूर्त तशीच आहे. ओल थांबवायला छताची दुरुस्ती करायची, त्यासाठी वर्गणी चालू आहे, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधतोय. असे गवंडी आता थोडे उरलेत.

म्हणून अजिंठ्याला काय बघता, असं कुणी विचारलं तर आता मी सरळ सांगतो: जपायचं कसं ते बघतो. परक्याचं म्हणून एखादी गोष्ट तोडणारा आणि आपलीच आहे म्हणून खरवडून टाकणारा, यांच्या हातून शेवटी भिंत सारखीच कोरी होते. त्या कोरेपणात आणि मिहराबीच्या रिकामेपणात फार मोठा फरक आहे.