आवडती राणी

लोकांच्या घरी तीन तीन टीव्ही असतात, पाच पाच घड्याळं असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. आमच्या वन बीएचकेमध्ये चार गिटारी आहेत, तर येणारा प्रत्येक पाहुणा पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत विचारतो, "चार कशाला?" दुसरा प्रश्न ठरलेला, "वाजवता येतात का चारही?" जणू काही प्रत्येकीसाठी वेगळा डिप्लोमा लागतो! आणि तिसरा प्रश्न थोडा समजूतदार माणूस विचारतो. "यातली तुझी आवडती कुठली?"

आजचा लेख या तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

आजीच्या कहाण्यांमध्ये राजाला दोन राण्या असायच्या, एक आवडती आणि एक नावडती. आवडतीला राजवाडा, शेले-शालू. नावडतीला गोठा आणि फाटकी लुगडी. माझ्याकडे हा हिशोब नेमका उलटा आहे. नावडत्या म्हणाव्यात अशा तिघी मऊ अस्तराच्या पेटीत झोपतात आणि आवडती सोफ्याशेजारी भिंतीला टेकून उभी असते, पोपडे उडालेली, कडेला रंग गेलेला, एका खुंटीचं बटण मोडलेलं.

तर आधी दरबाराची ओळख.

पहिली इलेक्ट्रिक, काळी. पहिल्या बोनसमध्ये घेतली, तेव्हा वाटलं होतं आता आपण डेव्हिड गिल्मोर झालोच. (नाही झालो. शेजारच्या काकूंचं मात्र डोकं उठलं.) दुसरी ही खरी पट्टराणी. वरची फळी अखंड स्प्रूसची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. किंमत सांगत नाही, घरच्यांनी वाचलं तर पंचाईत. इथे एक गंमत सांगतो. जगातल्या चांगल्या गिटारींच्या पाठी पूर्वी ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं ते सोडून भारतीय रोझवूड वापरायला सुरुवात केली. भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसवी. आजीचा देव्हारा ज्या लाकडाचा, त्याच लाकडावर तिकडे ब्लूज वाजतात. तिसरी नायलॉनच्या तारांची, क्लासिकल, लग्नात बायकोनं दिलेली. आवाज मधासारखा.

आणि चौथी. २०१६ साली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, सांगलीतल्या एका दुकानातून ३२०० रुपयांना घेतलेली. प्लायवूडची. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीची फारशी अब्रू उरत नाही.

आवडती हीच.

आता आपण पडलो इंजिनिअर. नुसतं "आवडते" म्हणून कसं चालेल, डेटा पाहिजे! म्हणून मागच्या वर्षी तीन महिने चक्क एक्सेल शीट ठेवली. कुठल्या दिवशी कुठली गिटार उचलली, एवढंच लिहायचं. एकूण ८१ वेळा गिटार हातात घेतली. त्यातल्या ६४ वेळा चौथी. पट्टराणी नऊ वेळा, इलेक्ट्रिक पाच वेळा आणि बायकोनं दिलेली तीन वेळा. (ही शीट पासवर्ड लावून ठेवलेली आहे.)

सोफ्याशेजारी असते म्हणून हात तिच्याकडे जातो, असं एक मित्र म्हणाला. शंका रास्त होती. म्हणून मधले दोन आठवडे जागा बदलून पाहिली, पट्टराणी भिंतीपाशी आणि हिला कपाटावर ठेवलं. तरी मी स्टूल आणून कपाटावरून हिलाच काढत होतो. म्हणजे प्रश्न जागेचा नव्हता.

मग कशाचा होता? त्यासाठी मिरजेला जावं लागेल.

गिटारीच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलो असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या घोडीला लोंबकळत असतो. घोडी म्हणजे खालचा तो लाकडी पट्टा, जिथे तारा अडकवतात. चांगल्या गिटारीत तो नीट चिकटवलेला असतो. माझ्या गिटारीत तो बहुतेक देवाच्या भरवशावर चिकटवला होता. २०१७ च्या मे महिन्यात सांगलीत उन्हाचा तडाखा होता. एके दुपारी खोलीत 'खाड्' असा आवाज झाला. घोडी निघून तारांना लटकत होती. दुकानदार म्हणाला, "दुरुस्तीपेक्षा नवी घ्या." नवीला पैसे कुठून आणणार? मेसचं बिल थकलेलं.

रूममेट मिरजेचा. म्हणाला, "आमच्या गल्लीत दाखवू की."

मिरज सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर. पण वाद्यांच्या जगात सांगली मिरजेच्या शेजारचं गाव म्हणून ओळखली जाते, उलटं नाही! एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घरातल्या, फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी तिथे होतात. त्या गल्लीचं नावच सतारमेकर गल्ली. मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे येऊन पडलेले असतात आणि त्यांचे तंबोरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

तिथे एक चाचा होते. सत्तरीच्या पुढचे. त्यांनी गिटार उलटी-सुलटी करून पाहिली, आत डोकावून पाहिलं, बोटानं ठोकून पाहिली आणि विचारलं, "याची जवारी कुठं असते?"

जवारी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारीत तार एका अरुंद कडेवरून सुटते. टोक पक्कं, आवाज स्वच्छ. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि किंचित उताराचा, त्यावर तार हलता हलता घासते, टेकते, सुटते. त्यामुळे वरचे सूर सतत जागे होत राहतात आणि तो भरलेला, झंकारणारा आवाज येतो. माथा कानसून कानसून हा आवाज काढायचा, म्हणजे जवारी काढायची. हे दिसतं तेवढं साधं नाही. खुद्द सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तारेच्या कंपनाचा जो नियम पाश्चात्त्य पुस्तकांत होता, त्याला आपली ही घोडी जुमानत नाही, असं त्यांनी त्यात मांडलं.

मी चाचांना म्हटलं, "गिटारीला जवारी नसते."

"मग बोलते कशी?" चाचा म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही.

चार दिवसांनी गेलो तर घोडी सरसानं पक्की बसवलेली. तिच्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढून तिथे हाडाची बसवली होती. आता खरं काम सुरू झालं. गिटारीचे पडदे गणितानं बसवतात. प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेचा साधारण १७.८ वा भाग कमी करत जायचं, की बाराव्या पडद्यावर तार बरोब्बर अर्धी होते आणि वरचा सा मिळतो. पण तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून प्रत्येक तारेसाठी पट्टीवरचा टेकू केसभर मागेपुढे सरकवावा लागतो. चाचांना हे गणित ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी आयुष्यात गिटार हातात धरलेली नव्हती. ते फक्त तार छेडायचे, बाराव्या पडद्यावर दाबून पुन्हा छेडायचे, "चढतोय" म्हणायचे आणि कानस घ्यायचे. एकेक तार. दोन तास. नंतर खोलीवर येऊन मी मोबाईलमधल्या ट्यूनरवर तपासलं. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर दोन भागांपलीकडे कुठलीच तार चुकत नव्हती. नव्या कोऱ्या गिटारीही इतक्या सुरात येत नाहीत.

आणि चौथ्या तारेवर त्यांनी एक खोडी करून ठेवली होती. तिचा टेकू त्यांनी टोकदार न ठेवता हलकासा सपाट ठेवला. ती तार छेडली की मागे बारीक झण्ण... जवारी! सांगितलं काहीच नाही, नुसते हसले. पैसे घेतले दीडशे.

पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेली, तर तो लगेच म्हणाला, "चौथी तार बझ करतेय. पट्टी बदलून देऊ?" मी गिटार उचलली आणि निघालो.

तर पट्टराणीचा आवाज सुंदर आहे, पण तो तसाच्या तसा दुकानात मिळतो. ही चौथी तार फक्त माझ्याकडे आहे.

आवडत्या गिटारीचं हे वेड थोरामोठ्यांनाही होतं, पण प्रत्येकाचं वेगळं. बी. बी. किंगचा किस्सा प्रसिद्ध आहे. १९४९ साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावात तो वाजवत होता. मारामारीत रॉकेलचं पिंप सांडून आग लागली, हा बाहेर पळाला आणि गिटारीसाठी परत आत गेला. नंतर कळलं की मारामारी ल्युसील नावाच्या बाईवरून झाली होती, म्हणून त्यानं गिटारीचं नाव ल्युसील ठेवलं. पण पुढे त्याची प्रत्येक गिटार ल्युसीलच होती. म्हणजे आवडती होती ती नावानं. विली नेल्सनचं नेमकं उलट. त्याची 'ट्रिगर' १९६९ पासूनची एकच. वाजवून वाजवून तिच्या छातीला भोक पडलं, तरी तो तीच वाजवतो. ब्रायन मेनं तर १९६३ पासून वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार बनवायला घेतली. दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, खुणांसाठी आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. क्वीनमध्ये आयुष्यभर तीच वाजवली. आणि गिल्मोरनं २०१९ साली सव्वाशेच्या आसपास गिटारी लिलावात काढल्या, त्यात लाडकी 'ब्लॅक स्ट्रॅट'सुद्धा. एकटी ती जवळजवळ ४० लाख डॉलरला गेली आणि पैसे पर्यावरणाच्या कामाला दिले. एवढी लाडकी वस्तू हातातून सोडणं कसं जमलं असेल, हा विचार तेव्हा मला फार छळत होता.

आता तो माझ्यापर्यंत आलाय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं स्टुटगार्टला चाललोय, दोन वर्षांसाठी. सामानाचा हिशोब केला तर गिटार एकच नेता येते.

ऑफिसातले सगळे म्हणाले, पट्टराणी ने. पण अखंड लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जर्मनीच्या हिवाळ्यात खोलीत हीटर चालू असतो, हवा कोरडी ठणठणीत, फळीला तडा जायची भीती. प्लायवूडला तसा तडा सहसा जात नाही. मी मनातल्या मनात खूश! म्हटलं, चला, शास्त्रानंसुद्धा आवडतीच्या बाजूनं कौल दिला.

बायकोनं शांतपणे विचारलं, "आणि तो सरस?"

प्लायवूड टिकेल. पण चाचांनी घोडी सरसानं बसवलेली आहे, आणि अति कोरड्या हवेत सरस ठिसूळ होतो. वर सत्तर किलोंचा माणूस लोंबकळतोयच. सांधा सुटला तर तिकडचा कारागीर घोडी बसवेल, नवी पट्टी तासेल, सगळं अगदी नियमात बसेल आणि चौथी तार स्वच्छ बोलायला लागेल. चाचा गेल्या वर्षी गेले. त्यांनी आयुष्यात हात लावलेली गिटार ही एकच. ती पट्टी पुन्हा तशी होणार नाही. त्यांचा पुतण्या गल्लीत काम करतो, त्याच्या कानात तो आवाज आहे. काही झालंच तर तो काहीतरी करू शकेल. स्टुटगार्टमध्ये ते कुणालाही सांगून समजणार नाही.

दोन रात्री झोप नीट लागली नाही. मग ठरवलं. नेणार इलेक्ट्रिक. भरीव लाकूड, स्क्रूनं आवळलेला दांडा, हवेचं फारसं मनावर घेत नाही आणि हेडफोन लावला की जर्मन काकूही सुखी. पट्टराणी आणि क्लासिकल पुण्यातल्या मित्राकडे. आवडती सांगलीला, ताईच्या घरी. तिथून मिरज अर्ध्या तासावर.

नुसती कपाटावर ठेवायची नव्हती. ताईची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला शिकायचंय. मागच्या शनिवारी तिला नेऊन दिली, तारा बदलल्या, तीन कॉर्ड शिकवल्या आणि बजावलं की चौथ्या तारेबद्दल कुणी काही म्हणालं तर दुर्लक्ष करायचं.

तिनं गिटार मांडीवर घेतली, पोपडे पाहिले, मोडकं बटण पाहिलं आणि जरा फुरंगटून म्हणाली, "मामा, तुझ्याकडे चांगल्या तीन आहेत ना? मग मला हीच का दिली?"

म्हटलं, "सहा महिने वाजव. मग फोन कर."